वजीर रेखमिरे: भिंतीवर मांडलेला कारभार

इजिप्तमध्ये लक्सर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम काठावर शेख अब्द अल-कुर्नाची टेकडी आहे. इथली 100 क्रमांकाची कबर रेखमिरेची. इसवी सनापूर्वी 15व्या शतकात, थुतमोस तिसरा आणि त्याचा मुलगा अमेनहोतेप दुसरा या राजांच्या काळात तो वजीर होता. आजोबा वजीर, काकाही वजीर. वडील मात्र अमूनच्या देवळात साधे पुजारी.

नेमणुकीच्या वेळी राजाने केलेला उपदेश भिंतीवर आहे: वजिरी गोड नसते, पित्तासारखी कडू असते. ओळखीच्या माणसाला आणि अनोळख्याला सारखंच वागव. खेती नावाच्या जुन्या वजिराचं उदाहरणही राजा देतो. पक्षपाताचा ठपका नको म्हणून तो आपल्याच नातलगांविरुद्ध निकाल द्यायचा. राजाच्या मते हाही अतिरेकच.

शेजारच्या लेखात रोजचं काम आहे. सकाळी वजीर राजाला भेटतो, मग खजिनदाराला. दोघं एकमेकांना खुशाली कळवतात आणि त्यानंतरच राजवाड्याची दारं उघडतात. आत काय आलं, बाहेर काय गेलं, सगळं वजिराच्या कानावर. शेताच्या तंट्यात मुदतही ठरलेली: जमीन थीब्जजवळ, म्हणजे आजच्या लक्सरजवळ, असेल तर तीन दिवस, लांबची असेल तर दोन महिने.

आता लांब दालनात या. छत दाराशी जेमतेम 3 मीटर, टोकाला सुमारे 8 मीटर. त्यामुळे आतल्या बाजूच्या वरच्या रांगा खालून धड दिसतच नाहीत.

पण कारागीर पाहायलाच हवेत. कर्नाकच्या देवळासाठी युद्धकैदी विटा पाडताहेत: तळ्यातून पाणी, कुदळीने कालवलेला चिखल, लाकडी साचा. चिखलात भुसा नसला तर वीट वाळताना तडकते.

पुढे ओतकाम. एकेका माणसाच्या पायाखाली दोन भाते. एक दाबायचा, त्याच वेळी दुसरा दोरीने वर ओढायचा, म्हणजे वारा खंडत नाही. धातू वितळला की मूस दोन लवचिक काठ्यांच्या मध्ये धरून उचलायची. साचा देवळाच्या दाराचा आहे, म्हणून त्याच्या माथ्यावर नरसाळ्यांची रांगच आहे. एवढ्या मोठ्या साच्यात एकाच तोंडातून रस ओतला, तर कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत तो थिजतो.

मेजवानीच्या चित्रात एक दासी चक्क पाठमोरी वळलेली आहे. इजिप्तच्या ठरीव चित्ररीतीत हे फार क्वचित दिसतं.

रेखमिरेचे चेहरे मात्र बऱ्याच ठिकाणी छिन्नीने उडवलेत. त्याच्यानंतरचा वजीर अमेनेमोपेत या घराण्यातला नव्हता. पुढे गावकऱ्यांनी कबरीत बिऱ्हाडं थाटली, चुलीच्या धुराने रंग काळवंडले. मृताच्या आत्म्यासाठी केलेलं दगडी खोटं दार आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. कबरीत प्रेत उतरवायची विहीर सापडलेलीच नाही. रेखमिरेचं दफन दुसरीकडे झालं असावं.