आधी बॅटरी, मग प्लेट

नमस्कार श्रोतेहो.

छपरावर सोलरची प्लेट आणि खाली बॅटरी, एवढं आता वस्तीवस्तीवर सगळ्यांना पाठ झालंय. या दोघींच्या मध्ये वीतभर डबा बसतो, चार्ज कंट्रोलर; प्लेटेची वीज बॅटरीला बेताने देणारा. त्याची आठवण येते सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा पैसे संपल्यावर. आजचं बोलणं त्या डब्याविषयी.

आकड्यांसाठी एकच जोडणी डोळ्यांसमोर ठेवू. १२ व्होल्टची, १५० अ‍ॅम्पिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, आणि १६० वॅटच्या, ३६ सेलवाल्या दोन प्लेटा, समांतर जोडलेल्या. प्लेटच्या पाठीवरच्या स्टिकरवर शॉर्ट-सर्किट करंट लिहिलेला असतो, साधारण साडेनऊ अ‍ॅम्पिअर. दोघींचा मिळून १९. राखीव धरून त्याला सव्वाने गुणा. पावणेचोवीस झाले. म्हणजे कंट्रोलर ३० अ‍ॅम्पिअरचा घ्यायचा, २० चा चालणार नाही. आणि डब्यावर ३० छापलंय म्हणून तो ३० चा असतोच असं समजू नका. हातात घेतल्यावर वजन लागत नसेल, पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा नसेल, तर तो आकडा छापखान्यातला आहे.

आता जोडणीचा क्रम. आधी बॅटरी, मग प्लेट, शेवटी लोड, म्हणजे दिवे-पंखे. काढताना बरोबर उलटं: आधी लोड, मग प्लेट, शेवटी बॅटरी. पुन्हा सांगतो, आधी बॅटरी, मग प्लेट. कारण बरेचसे कंट्रोलर १२ आणि २४ व्होल्ट दोन्हींवर चालतात, आणि आपण कुठल्यावर आहोत हे जागे होताना समोरचा व्होल्टेज बघून ठरवतात. आधी प्लेट जोडली तर त्याला दिसतात २१-२२ व्होल्ट. तो समजतो, ही २४ ची जोडणी. मग बॅटरी भरल्यावर १४.४ व्होल्टला आवरायचं सोडून तो २८.८ ची वाट बघत बसतो, आणि बिचारी बॅटरी दिवसभर उकळते. जोडताना प्लेटवर जुनी गोधडी टाका, ठिणगी उडणार नाही.

बॅटरी बिघडली की प्लेटेची वीज जाते कुठे, आणि बॅटरी मधून निघूनच गेली तर काय होतं, याचा एक नामी दाखला आपल्या डोक्यावरून फिरतोय. गोष्ट रेडिओवाल्यांची आहे, तेव्हा ती रेडिओवर सांगितलीच पाहिजे.

१५ नोव्हेंबर १९७४. अमेरिकेतून एक हवामानाचा उपग्रह वर गेला, आणि त्याच रॉकेटवर बसून ऑस्कर-७ नावाचा छोटा उपग्रहही गेला. वजन तीस किलोच्या आत. बनवणारे कोण, तर हौशी रेडिओवाले, ज्यांना आपण हॅम म्हणतो. वेगवेगळ्या देशांतल्या हौशी मंडळींनी मिळून तो उभा केला होता. अंगावर सौर प्लेटा, पोटात निकेल-कॅडमियमची बॅटरी. जमिनीवरून एकाने बोलायचं, उपग्रहाने ते दुसऱ्या लहरीवर परत पाठवायचं, हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्याने ऐकायचं. साडेसहा वर्षं हे झकास चाललं. १९८१ च्या मध्याला मात्र बॅटरीतले सेल आतून शॉर्ट झाले आणि उपग्रह मुका झाला.

इथे जरा थांबा. प्लेटा शाबूत होत्या, ऊन पडत होतं, वीज तयार होत होती. पण शॉर्ट झालेली बॅटरी ती सगळी गिळत होती, ट्रान्समीटरपर्यंत काही पोचतच नव्हतं. मंडळींनी त्याला मेलेला धरलं आणि नवे उपग्रह सोडले.

आणि मग २१ जून २००२. इंग्लंडमधला एक हौशी रेडिओवाला १४५.९७ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकत बसला होता. कानावर संथ मोर्स आला: चार टिंबं, दोन टिंबं; चार टिंबं, दोन टिंबं. म्हणजे ‘एचआय एचआय’, मोर्समधलं हसू. त्यामागून आकडे. हा कोण बोलतोय? कक्षेचं गणित मांडून बघितलं, तर ऑस्कर-७! एकवीस वर्षं गप्प बसलेला हसत हसत परत आला होता.

झालं होतं असं. जे सेल आतून चिकटले होते, तेच काळाच्या ओघात आतून तुटले. शॉर्टचं ओपन झालं. बॅटरी जणू मधून निघूनच गेली, आणि प्लेटांची वीज थेट ट्रान्समीटरला मिळायला लागली. तेव्हापासून तो उन्हात आला की जागा होतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की मरतो. सुमारे १४५० किलोमीटर उंचीवर, दोन तासांपेक्षा थोड्या कमी वेळात एक फेरी. दर फेरीला मरण, दर फेरीला जन्म. आपण आधी कुठल्या लहरीवर चालत होतो हेही जागा झाल्यावर त्याला आठवत नाही, कारण आठवण धरून ठेवायला बॅटरीच नाही. वर्षातले काही आठवडे त्याच्या वाटेत सावली येतच नाही. तेवढे दिवस तो शिस्तीत दर चोवीस तासांनी आपली लहर बदलतो. त्यानंतर कित्येक वर्षं हॅम मंडळी त्याच्यातून बोलत राहिली.

आता हेच आपल्या छपराखाली. बॅटरीतल्या सहा सेलमधला एक शॉर्ट झाला, म्हणजे बारातले दोन व्होल्ट गेले. कंट्रोलरला ते कळत नाही, तो १४.४ गाठायला करंट ढकलतच राहतो. सहा जणांचा वाटा पाच सेलना मिळतो, प्रत्येकी २.४ च्या जागी जवळपास २.९ व्होल्ट. ते पाच उकळतात, पाणी आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. दिवसभर ऊन असून कंट्रोलरवर ‘फुल’ येत नसेल आणि बॅटरी गरम लागत असेल, तर प्लेटेला दोष देऊ नका. हायड्रोमीटर घ्या, म्हणजे आम्लाची घनता मोजायची नळी. पाच सेल १२२० च्या पुढे आणि एक ११०० च्या आसपास, तर तो सेल गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही गेली.

आणि बॅटरी मधून निघाली तर? नट सैल झाला, फ्यूज उडाला, टर्मिनलवर हिरवं-पांढरं चढलं. उपग्रह तगला, आपला कंट्रोलर तगेलच असं नाही. व्होल्टेज धरून ठेवणारं कोणी उरत नाही, आणि स्वस्तातल्या डब्यात २१ व्होल्ट लोडच्या वायरीत उतरू शकतात. म्हणून बॅटरीची वायर १० चौरस मिलिमीटरची, टोकाला दाबून बसवलेलं थिंबल, आणि पॉझिटिव्हवर टर्मिनलपासून वीतभराच्या आत ४० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज. महिन्याभराने सगळे स्क्रू पुन्हा आवळायचे, तांबं दबून सैल पडतं. प्लेटेच्या बाजूला घरातल्या एसी करंटचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, लावू नका. प्लेटेच्या डीसी करंटची ठिणगी त्यात विझत नाही, ती ताणली जाते आणि एमसीबीच जळतो.

प्लेटेपासून कंट्रोलरपर्यंत १० मीटर अंतर असेल तर ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन साधारण एक व्होल्ट पडतो, ४ मध्ये दीड. थंडीत हे खपून जातं. विदर्भातल्या मे महिन्यात प्लेट ६० अंशांच्या पुढे तापते, तिचे १८ चे १५ व्होल्ट होतात. त्यातून दीड गेला, की १४.४ येणार कुठून? बॅटरी कधीच पुरती भरत नाही.

सेटिंग. ट्युब्युलरला चार्ज १४.४, फ्लोट, म्हणजे भरल्यावर धरून ठेवायचा व्होल्टेज, १३.६, हे २५ अंशांचे आकडे. दर अंशाला २४ मिलिव्होल्ट कमी, म्हणजे ४५ अंशांना १३.९. कंट्रोलर हे स्वतः करतो, पण साधे डबे तापमान स्वतःच्या पोटातलं मोजतात. तेव्हा डबा बॅटरीच्याच खोलीत हवा, मात्र तिच्या डोक्यावर नको, आम्लाची वाफ त्याला खाते. वर-खाली १५ सेंटिमीटर मोकळं सोडा. लोड तोडायचा व्होल्टेज कारखान्यातून ११.१ येतो, तो ११.८ करा, बॅटरी जास्त वर्षं टिकते. लिथियम असेल तर कंट्रोलरमध्ये तो प्रकार निवडा आणि तापमानाची भरपाई बंद.

जाता जाता, अंगणात रात्रभर जळणारा तो २० वॅटचा फोकस. चोरापेक्षा किड्यांचीच सोय होते त्याने. बंद करा, सकाळी बॅटरीत बरंच उरेल.

५४० वॅटची मोठी प्लेट मिळाली म्हणून साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरला, म्हणजे प्लेट बॅटरीला नुसती जोडत-तोडत राहणाऱ्या डब्याला, लावू नका. तिचे उघडे, म्हणजे काहीच जोडलेलं नसतानाचे, व्होल्ट पन्नासाच्या घरात. डबा जळाला नाही तरी करंट १३ च मिळणार, म्हणजे १८०-१८५ वॅट, बाकी पाण्यात. तिला जास्तीच्या व्होल्टचा करंट करणारा एमपीपीटी कंट्रोलरच हवा, आणि त्याची मर्यादा १०० व्होल्टची असेल तर तशा दोन प्लेटा सिरीजमध्ये अजिबात नकोत. थंड पहाटे व्होल्ट आणखी चढतात.

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर नको. ६०० वॅटचा इन्व्हर्टर ५० अ‍ॅम्पिअरच्या वर ओढतो. तो थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसकट.

आणि हे बोलणं मध्यम लहरीवर खरखरीसकट ऐकत असाल, तर बहुधा तो तुमचाच पीडब्ल्यूएम डबा आहे. प्लेटेच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन आणा, कंट्रोलरजवळ त्यांच्यावर खरखर अडवणारं फेराइटचं कडं चढवा, आणि रेडिओ दोन हात लांब ठेवा. नमस्कार.