१९८२ : दोन दशकांमधली शिवण

(दृश्य: जुन्या बेलबॉटमचा उलटा केलेला पाय, शिवणीचा जवळून घेतलेला फ्रेम)

बेलबॉटमच्या पायाला आतल्या बाजूनं चेन लावलेली असायची. पितळी दातांची, पँटच्या पुढे लावतात तीच, पण तिची एकच पट्टी. पायाचा घेर इतका मोठा की टाचेमागचं कापड रस्त्यावर घासायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याची झालर व्हायची. म्हणून शिंपी कडेला आतून ती धातूची पट्टी टाचून द्यायचा. घासायचंच असेल तर पितळ घासू दे, कापड वाचू दे. मुलं चालायला लागली की फरशीवर बारीक खरखर व्हायची, आणि तिचाही एक रुबाब होता.

ही युक्ती कुठल्या सिनेमातून आली नाही. ती गिरगावात, दादरला, लक्ष्मी रोडवर, तालुक्याच्या बाजारपेठेत, मशीनवर बसलेल्या माणसानं काढली. फॅशन म्हणजे पडद्यावरच्या नटाची नक्कल, असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. नक्कल करायला आधी कापड परवडावं लागतं. गाणं घरी आणायला ते वाजवायचं यंत्र घरात असावं लागतं. एका दशकाचं दुसरं दशक होतं ते कापड कशाचं आणि गाणं कशावर, या दोन गोष्टी बदलल्या की. आपल्याकडे सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागलं ते, माझ्या मते, १९८० मध्ये नाही. ते १९८२ मध्ये लागलं.

(दृश्य: रेकॉर्डचे जुने कव्हर, मंडपाच्या बांबूला बांधलेला कर्णा)

आधी सत्तरचं दशक पाहू.

१९६९च्या ‘आराधना’नंतर राजेश खन्नाचा गुरू कुर्ता आला. १९७३च्या ‘बॉबी’नंतर ठिपक्यांच्या कापडाला दुकानदार बॉबी प्रिंटच म्हणू लागले. कानावर केस आले, कॉलर रुंद झाली, पँटच्या पायाचा घेर पसरला. मराठी पडद्यावर १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला, पुढच्याच वर्षी ‘पिंजरा’. दोन्हींचं संगीत राम कदमांचं. ढोलकी आणि तुणतुणं शहरातल्या थिएटरांमध्ये महिनोन् महिने वाजत राहिलं.

पण ही गाणी लोक ऐकत कुठे होते? स्वतःच्या घरी रेकॉर्ड प्लेअर असणं ही मोजक्या घरांची गोष्ट. बाकी सगळ्यांसाठी रेडिओ, आणि वाडीतला लाउडस्पीकर. लग्न असो, बारसं असो, सत्यनारायण असो, लाउडस्पीकरवाला आपली रेकॉर्डची पेटी घेऊन यायचा आणि त्या पेटीत जे असेल ते अख्ख्या वाडीनं ऐकायचं. त्या पेटीत काय असावं, हे ठरायचं फार लांब. रेकॉर्ड दाबायला कारखाना लागतो, आणि एचएमव्हीचा तो कारखाना होता कोलकात्याजवळ, दमदमला. मराठी लावण्या, कोळीगीतं, भावगीतं तिथून निघाली नाहीत असं नाही, भरपूर निघाली. पण कुणाचा आवाज तबकडीवर जायचा आणि कुणाचा नाही, हा निर्णय कंपनीतल्या चार माणसांचा होता.

दशकाच्या शेवटी शेवटी कोकणातल्या घरांमध्ये एक नवी वस्तू दिसायला लागली. रत्नागिरी-रायगडमधून आखातात कामाला गेलेली माणसं सुट्टीवर येताना टू-इन-वन आणायची. रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकाच डब्यात. फिलिप्सनं कॅसेट बाजारात आणली होती १९६३ मध्ये, पण आपल्या गावांपर्यंत ती अशी पोचली, विमानातून उतरलेल्या बॅगांमधून. मग कोपऱ्यावरच्या दुकानात कॅसेट ‘भरून’ मिळायला लागल्या. कोरी कॅसेट घ्यायची, वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी न्यायला यायचं. कुठलं गाणं कुठल्या गाण्यानंतर वाजावं, हे पहिल्यांदाच ऐकणारा स्वतः ठरवत होता.

(दृश्य: १९८२ सालची कॅलेंडरची पानं, एकामागून एक)

आता १९८२.

१८ जानेवारीला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. मागण्या बोनसच्या, पगाराच्या होत्या, आणि आपली युनियन कोणती हे आपण ठरवू, अशीही एक होती. मालकांनी आणि सरकारनं तडजोड केली नाही. संप वर्षभर ताणला गेला, त्याच्याही पुढे गेला, आणि अधिकृतपणे तो कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो कुटुंबं कोकणात, घाटावर, गावी परतली. अनेकांना पुन्हा गिरणीचं दार दिसलं नाही.

आपण कपड्यांबद्दल बोलतो आहोत, तेव्हा हे नीट सांगायलाच हवं. आदल्या पिढ्यांच्या अंगावरचं पॉपलिन, लाँगक्लॉथ, धोतरं, चादरी यांतला मोठा वाटा या गिरण्यांनी विणला होता. संपाच्या काळात कापडाचं काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे गेलं. तिथे मजुरी कमी, युनियन नाही, पाळी बारा तासांची. आणि त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. संप झाला नसता तरी पॉलिएस्टर आलंच असतं. लोकांना ते हवंच होतं. खळ नको, फारशी इस्त्री नको, रात्री गॅलरीत वाळत घातलं की सकाळी अंगात घालून कामाला निघता येतं. पाणी बेताचं आणि वेळ त्याहून बेताचा, अशा चाळीतल्या घरात त्या कपड्यानं बाईचे किती कष्ट वाचवले, हे विसरून त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. पण ज्यांनी सूत विणलं त्यांना सन्मानानं दुसऱ्या कामावर जाण्याची वाट कुणी करून दिली नाही, ही या शहराची मोठी हानी आहे.

आणि हानी केवळ रोजगाराची नव्हती. गिरणगाव हा गाण्यांचाही मुलूख होता. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेखांचे पोवाडे याच वस्त्यांत घुमले. भजनी मंडळं, दशावतार, नमन, कामगार रंगभूमी, सगळं पाळ्यांच्या वेळा सांभाळून चालायचं. गिरणीचा भोंगा थांबला तसं हे सगळं विस्कटलं.

(दृश्य: रंगीत टीव्हीचा जुना संच)

त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये दिल्लीत होणाऱ्या आशियाई स्पर्धांच्या निमित्तानं रंगीत दूरदर्शन आलं. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून होतं, पण काळ्या-पांढऱ्यात. छायागीतात नायिकेची साडी राखाडी दिसायची आणि पोरी तिचा रंग आपापल्या मनानं ठरवायच्या. आता ज्या घरात रंगीत संच होता, तिथे रंग दिसायला लागला, आणि पुढच्या काही वर्षांत कापडाच्या दुकानात ‘टीव्हीतल्यासारखा’ रंग मागितला जाऊ लागला. चमकणाऱ्या धाग्याला भाव आला.

डिसेंबरमध्ये ‘डिस्को डान्सर’ आला. संगीत बप्पी लाहिरींचं, नाच मिथुन चक्रवर्तीचा. डिस्को त्याआधी दोन वर्षं आला होता खरा. १९८०च्या ‘कुर्बानी’त लंडनला राहणाऱ्या नाझिया हसन नावाच्या किशोरवयीन मुलीनं, बंगळूरहून ब्रिटनला गेलेल्या बिद्दूच्या संगीतावर, एक गाणं गायलं आणि देशभर गाजवलं. पण तो सूर उच्चभ्रू होता. त्याला चाळीच्या गच्चीवर आणलं मिथुननं. रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्या मुलाची ती कथा आहे, हे त्या सिनेमाला हसणारे विसरतात. कपाळाला पट्टी बांधून गणपतीसमोर नाचणारी पोरं विसरली नव्हती.

याच वर्षी मुंबईत अजून एक काम झालं, आणि ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. चरणजित सिंग हे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारे वादक. त्यांनी रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रं जमवली. एक सिंथेसायझर, एक ताल देणारं, एक बेसचे सूर देणारं. त्यांवर त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. भैरवी, ललित, यमन. रेकॉर्ड निघाली आणि कुणाच्या फारशी लक्षातही राहिली नाही. शिकागोमध्ये त्याच बेसच्या यंत्रातून ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार जन्माला आला तो त्यानंतर काही वर्षांनी. २०१० मध्ये सिंगांची रेकॉर्ड परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. उतारवयात ते युरोपमध्ये जाऊन त्याच यंत्रांवर तेच राग वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले.

त्यांच्या यंत्रांनी पुढे काय बदललं, तेही पाहण्यासारखं आहे. सिनेमाचं गाणं तेव्हा पन्नास-साठ वादक एकत्र बसून वाजवायचे. त्यांत गोव्याचे कितीतरी. चर्चच्या शाळांमध्ये स्वरलेखन शिकलेले, व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन हाताळणारे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजर्सनी हिंदी गाण्याला त्याचा भरदार आवाज दिला. ऐंशीच्या उत्तरार्धापासून सिंथेसायझरच्या एका कीबोर्डवर व्हायोलिनचा अख्खा ताफा उमटायला लागला आणि त्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या. गिरणीत जे एकदम झालं, ते स्टुडिओत सावकाश झालं.

(दृश्य: ६ डिसेंबर, दादर चौपाटीच्या वाटेवरचे स्टॉल)

‘ऐंशीचं दशक म्हणजे गाण्यांचा पडता काळ’ असं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. माझा या वाक्यावर आक्षेप आहे. ते म्हणणारी माणसं फक्त सिनेमाची गाणी ऐकत होती.

१९८३ मध्ये गुलशन कुमारांनी सुपर कॅसेट्स काढली, म्हणजे टी-सीरीज. कॅसेट स्वस्त झाली आणि पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात मिळू लागली. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, कॅसेट काढायला दमदमचा कारखाना लागत नव्हता. एक खोली, नकला काढणारी दोन-चार यंत्रं, एक साधा स्टुडिओ. काही शे प्रती खपल्या तरी खर्च निघायचा. मग ज्यांच्यासाठी कुणी तबकडी दाबली नसती, अशा कितीतरी आवाजांना दार उघडलं. तालुक्यापुरता प्रसिद्ध असलेला शाहीर, एखाद्या गावच्या जत्रेचीच गाणी, आगरी-कोळी हळदीची गाणी, जागरण-गोंधळ.

आणि भीमगीतं. १४ एप्रिलला वस्तीवस्तीत, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर, विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर कॅसेटचे स्टॉल लागायचे. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, खांद्यावर पिशवी, त्यात पुस्तकं आणि कॅसेट. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आधीपासून लोकांचे होते. कव्वालीच्या मुकाबल्यांत, रात्रीच्या जलशांत ते घडले होते. आता ते घराघरांत बोलू लागले. प्रल्हाद शिंद्यांचं ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ सकाळी एसटीच्या ड्रायव्हरजवळ वाजायचं, त्यांच्याच आवाजातली भीमगीतं संध्याकाळी वस्तीत. एकाच गळ्यातून विठ्ठल आणि बाबासाहेब, आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटत नव्हतं. त्यांचा मुलगा आनंद शिंदे यांचं ‘जवा नवीन पोपट हा’ तर लग्नाच्या वरातीत वाजल्यावाचून राहायचं नाही. समीक्षकांनी त्याची दखल घेतली की नाही, याची त्या वरातीला काही पडलेली नव्हती.

(दृश्य: शिंप्याचं टेबल, खडू, टेप, उसवलेली शिवण)

मधल्या काळात बेलबॉटमचं काय झालं? ती फेकली गेली नाही. शिंप्याकडे गेली. बाजूची शिवण उसवली, जास्तीचं कापड आत घेतलं, पॅरलल पँट तयार. थोरल्याची बेलबॉटम धाकट्याची पॅरलल झाली. रुंदाचं अरुंद करता येतं, म्हणून ती फॅशन गरिबाच्याही घरात पटकन पोचली. पण दशकाच्या शेवटी बॅगी आली, कमरेला चुण्या असलेली, मांडीशी सैल. अरुंदाचं रुंद होत नाही. बॅगीला नवं कापडच घ्यावं लागलं. १९८५च्या वस्त्रधोरणानं कृत्रिम धाग्यावरचे निर्बंध सैल केले होते, तेव्हा ते परवडतही होतं. जुनं दुरुस्त करून नव्यात शिरायची सवय तिथून सुटत गेली.

नव्वदमध्ये पुढची शिवण आली, तिच्याबद्दल थोडक्यात. १९९१ नंतर केबल, एमटीव्ही, परदेशी जीन्स. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ गाजला, आणि संगीत पुन्हा त्याच बिद्दूचं. त्याच वर्षी अरविंद मिल्सनं ‘रफ अँड टफ’ नावाची जीन्स आणली, पण शिवलेली नाही. पाकिटात डेनिमचं कापड, चेन, बटणं, रिव्हेटा, लेबल. ते घेऊन आपल्या शिंप्याकडे जायचं. देशातल्या शिंप्याला सोबत घेऊन ब्रँड विकण्याची ती कल्पना मला आजही हुशारीची वाटते. पण थोड्याच वर्षांत तयार जीन्स स्वस्त झाली आणि त्या पाकिटाची गरज उरली नाही.

(दृश्य: कॅसेटची खोकी, हाताने लिहिलेली लेबलं)

शेवटी एक विनंती. सिनेमाच्या गाण्यांची नोंद आहे. साल, गायक, वादक, सगळं शोधलं की सापडतं. जत्रेत आणि स्टॉलवर विकल्या गेलेल्या कॅसेटचं तसं नाही. अनेकांवर साल नाही, ढोलकी कुणाची ते नाही, काहींवर तर गाणारीचं नावही नाही. आणि टेपवरचा चुंबकी थर दमट हवेत सुटतो, दरवर्षी थोडा थोडा. तुमच्या घरात, माळ्यावर, गावच्या देवळाच्या कपाटात अशा कॅसेट असतील तर त्या आत्ताच काढा. बुरशी आलेली असेल तर घाईनं प्लेअरमध्ये घालू नका, टेप तुटेल. आधी जाणकाराला दाखवा, मग डिजिटल प्रत काढून घ्या. आणि ती काढताना घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवा. गाणं कुणाचं, कुठल्या वस्तीत गायलं गेलं, कॅसेट कुठून आणली, हे त्यांना आठवेल तसं लिहून ठेवा, आणि आम्हालाही कळवा.