शरणपूरहून मोंबासाला

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकचा शरणपूर रोड आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. त्या रस्त्याला ज्या वस्तीचं नाव मिळालं, ती ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशनरी संस्थेने १८५०च्या दशकात वसवली. आज मी ज्या ख्रिस्ती मंडळीबद्दल, म्हणजे चर्चच्या समुदायाबद्दल, बोलणार आहे ती मात्र नाशिकात नाही. ती आहे केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासा बेटासमोर, खाडीपलीकडच्या फ्रियर टाउन या वस्तीत. इमॅन्युएल चर्च हे तिचं नाव, आणि पंथ अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा. या मंडळीचे पहिले शिक्षक, पहिले सुतार-लोहार आणि पहिले आफ्रिकी पाळक आपल्या शरणपुरात शिकून गेले होते. ते जन्माने आफ्रिकी होते, वाढले महाराष्ट्रात, आणि मोंबासात उतरले ते परदेशातून आलेले म्हणून. इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणतात.

ही माणसं नाशकात आली कशी?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पूर्व आफ्रिकेतून गुलामांची नेआण जोरात चालू होती. आतल्या मुलखात, न्यासा सरोवराच्या आसपास, गावांवर छापे पडत. पोरंबाळं धरून किनाऱ्यावर आणली जात आणि गलबतांत भरून झांजिबार, अरबस्तान, इराणच्या आखाताकडे पाठवली जात. ब्रिटिश आरमाराची जहाजं ही गलबतं पकडत. पकडल्यावर प्रश्न पडे की या मुलांना ठेवायचं कुठे? त्यांची गावं किनाऱ्यापासून शेकडो मैल आत होती, आणि बऱ्याच मुलांना आपल्या गावाकडे जायची वाट सांगण्याइतकं वयही नव्हतं. किनाऱ्यावर सोडलं असतं तर पुन्हा धरली गेली असती. म्हणून त्यांतल्या कितीतरी जणांना मुंबईला आणलं गेलं. त्यांच्यापैकी काहींना मिशनने आपल्याकडे घेतलं आणि १८६०च्या सुमारास त्यांच्यासाठी शरणपुरात आश्रम उभा राहिला.

तिथे विल्यम सॉल्टर प्राइस हे मिशनरी होते. मुलं लिहायला-वाचायला शिकत, शेती करत, सुतारकाम आणि लोहारकाम शिकत. इंग्रजी आणि हिंदुस्तानी त्यांना शिकवली जाई. मराठी तर भोवती होतीच, कारण शरणपूरची ख्रिस्ती मंडळीच मराठी होती. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना नवी नावं मिळाली, आणि आडनावं बहुधा मिशनऱ्यांचीच लागली. कुणी प्राइस झाला, कुणी आयझेनबर्ग. मूळ नावं बहुतेकांची हरवली. मला ही गोष्ट फार लागते. ज्या मुलाचं घर गेलं, भाषा गेली, त्याचं नावही राहिलं नाही, आणि त्याच मुलाने पुढे हजारो माणसांना जवळ केलं.

या मुलांचं नाव जगात झालं ते आफ्रिकेचा अंतर्भाग धुंडाळणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यामुळे. १८६५ साली ते नाशकात आले आणि त्यांनी आपल्या शेवटच्या सफरीसाठी नऊ तरुण निवडले. १८७२ साली आणखी काही जण मागाहून जाऊन मिळाले. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी वारले. त्यांचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं गेलं. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशकात शिकलेल्या जेकब वेनराइटने. झाडाच्या बुंध्यावर मजकूर कोरला तोही त्यानेच. मग या लोकांनी ते शव हजारावर मैल वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणलं. १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावून चालणाऱ्यांत जेकब होता.

ही कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे आणि ती थोर आहेच. पण तिच्यामुळे एक अन्याय झाला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. शरणपूरची माणसं जगाच्या लक्षात राहिली ती एका गोऱ्या साहेबाचे इमानी नोकर म्हणून. त्यांच्यातल्याच काहींनी मोंबासात जे उभं केलं ते त्याहून मोठं होतं. त्यात साहेबाचं ओझं वाहणं नव्हतं. तिथे ते स्वतः शिक्षक होते, उपदेशक होते, घरमालक होते, आणि पुढे पाळकही झाले.

मोंबासात मिशनचं काम योहान क्राफ या जर्मन मिशनऱ्यांनी १८४४ साली सुरू केलं होतं. त्याच वर्षी त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी तिथे वारल्या. पुढे क्राफ परत गेले, त्यांचे सहकारी रेबमान मोंबासाजवळच्या राबाई गावात तळ देऊन राहिले. वर्षामागून वर्षं गेली, पण मंडळी म्हणावी एवढी माणसं काही जमेनात. १८६४ साली रेबमान यांच्या मदतीला नाशकातून माणसं आली. त्यांत जॉर्ज डेव्हिड आणि विल्यम जोन्स होते, आणि इश्माएल सेमलरही त्याच पिढीतला. जोन्स मूळचा याओ जमातीचा. लहानपणी पळवून नेलेला, मुंबईत वाढलेला, हाताने लोहारकाम येणारा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्याला वाटतं की ही माणसं ‘घरी’ परतली. तसं नव्हतं. याओंचा मुलूख मोंबासापासून फार दूर, दक्षिणेला. किनाऱ्यावरची स्वाहिली त्यांना नव्याने शिकावी लागली. राबाई आणि गिरियामा या तिथल्या जमातींची भाषा तर त्याहून वेगळी. अंगावर युरोपी धाटणीचे कपडे, तोंडात इंग्रजी आणि हिंदुस्तानी, हातात बायबल. स्थानिकांच्या लेखी ते परकेच होते. मोंबासाच्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या लेखी ते पूर्वीचे गुलाम होते. आणि पुष्कळ गोऱ्या मिशनऱ्यांच्या लेखी ते मदतनीस होते, त्याहून जास्त काही नाही.

१८७३ साली मोठा बदल झाला. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर, ज्यांच्या गौरवार्थ मुंबईतलं फ्लोरा फाउंटन उभारलं गेलं, ते झांजिबारला वाटाघाटीसाठी गेले. जून १८७३मध्ये सुलतान बर्गाश यांनी समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या करारावर सही केली. आता पकडलेल्या गलबतांवरची माणसं आफ्रिकेतच वसवायची ठरली. शरणपूरचा अनुभव असलेले प्राइस १८७४च्या अखेरीला मोंबासाला आले. खाडीच्या मुख्यभूमीकडच्या बाजूला त्यांनी जमीन घेतली आणि वस्तीला फ्रियर यांचं नाव दिलं. हिंदुस्थानातून सुमारे दीडशे बॉम्बे आफ्रिकन या कामासाठी गेले. शरणपूरचा आफ्रिकी आश्रम त्यानंतर संपला.

सप्टेंबर १८७५मध्ये ‘थीटिस’ या युद्धनौकेने दोनशेहून अधिक माणसं फ्रियर टाउनला आणून उतरवली. उपाशी, आजारी, घाबरलेली, एकमेकांची भाषाही न कळणारी. आता ही माणसं किनाऱ्यावर उतरताना त्यांना घ्यायला कोण उभं होतं ते बघा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जे स्वतः असेच कुठल्यातरी बोटीतून मुंबईच्या धक्क्यावर उतरले होते, ते. झोपड्या बांधणं, धान्य वाटणं, शेतं पाडणं, पोरांना अक्षरं गिरवायला लावणं, रविवारी उपासना चालवणं, यांतलं रोजचं काम त्यांच्याच हातून झालं. मंडळी अशी उभी राहते. इमारत पुढे झाली. तिची घंटा मोंबासात आजही प्रसिद्ध आहे. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली की ती वाजवत, असं तिथे सांगतात. त्या चौकाला लोक अजून केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी.

सगळं गोडीगुलाबीने चाललं असं मात्र नाही. बॉम्बे आफ्रिकन शिकलेले होते, पगाराचा आणि मानाचा हिशेब त्यांना कळत होता. गोऱ्यांना एक वागणूक आणि आपल्याला दुसरी, हे त्यांनी निमूटपणे सोसलं नाही. तक्रारी लिहून पाठवल्या. वस्तीच्या एका गोऱ्या व्यवस्थापकाने शिक्षा म्हणून फटके मारण्याची पद्धत पाडली होती. १८८१ साली त्याची चौकशी झाली आणि त्याला जावं लागलं. गुलामीतून सुटलेल्या माणसाला मिशनच्या आवारात फटके! मिशनच्या इतिहासातली ही काळी जागा आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच काळात बॉम्बे आफ्रिकन आणि नव्याने सोडवलेली माणसं यांच्यातही अंतर होतं. शिकलेले आणि न शिकलेले, आधी आलेले आणि मागून आलेले. देवळात एकत्र, वस्तीत मात्र वेगवेगळ्या ओळींत घरं.

१८८५च्या जानेवारीत जेम्स हॅनिंग्टन हे या भागाचे पहिले बिशप फ्रियर टाउनला पोहोचले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा दिली. आजच्या केनियाच्या भूमीवर आफ्रिकी माणसांना मिळालेली ही पहिली अँग्लिकन दीक्षा.

दोन महिन्यांत बिशप युगांडाला निघाले आणि जोन्सला बरोबर घेतलं. मसाई मुलखातून पायी, दोनशे हमालांचा तांडा. व्हिक्टोरिया सरोवराच्या ईशान्येला पोहोचल्यावर हॅनिंग्टन पन्नासएक माणसं घेऊन पुढे गेले आणि बाकीचा तांडा जोन्सच्या हवाली केला. २९ ऑक्टोबरला बुसोगामध्ये, युगांडातल्या बुगांडा राज्याचा राजा म्वांगा याच्या हुकुमावरून, बिशप आणि त्यांची बहुतेक माणसं मारली गेली. चौघेजण कसेबसे निसटून जोन्सपर्यंत आले. ऐकलेल्या बातमीवर त्याचा विश्वास बसेना. आणखी कुणी जिवंत परत येईल या आशेने तो काही आठवडे तिथेच थांबला. मग तांडा घेऊन मागे फिरला.

१८८६च्या फेब्रुवारीत हा तांडा राबाईला पोहोचला. दमलेली, खंगलेली, अंगावर चिंध्या आणि कातडी पांघरलेली माणसं. पुढे एक निळं निशाण. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, ‘ईखाबोद’. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एली याजकाची सून मरता मरता आपल्या मुलाला हे नाव ठेवते, कारण इस्राएलाचं वैभव गेलेलं असतं. भर अरण्यात, शेकडो मैलांच्या वाटेवर, बायबलमधला नेमका तो शब्द ज्याला आठवतो आणि जो कापडावर तो लावून घेतो, त्या माणसाचं बायबल पाठांतराचं नव्हतं. ते त्याच्या रक्तात उतरलेलं होतं.

जोन्सचं माझ्या मते सर्वांत मोठं काम यानंतरचं. तो राबाईच्या मंडळीचा कारभार पाहत होता. समुद्रावरचा व्यापार बंद झाला तरी सुलतानाच्या मुलखात गुलाम बाळगणं कायदेशीर होतं, आणि ते केनियाच्या किनाऱ्यावर १९०७पर्यंत राहिलं. मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईच्या वाटेला लागत. मिशनचं अधिकृत धोरण त्यांना आसरा न देण्याचं होतं. मालक चिडतील, हल्ला करतील, सुलतान नाराज होईल, ही भीती खरीच होती. पण जोन्सच्या अंगणात येऊन उभा राहिलेला माणूस म्हणजे त्याचा स्वतःचा भूतकाळ होता. त्याला तो हाकलणार कसा? माणसं येत राहिली, झोपड्या वाढत राहिल्या, उपासनेला गर्दी होऊ लागली.

१८८८मध्ये प्रकरण हातघाईवर आलं. मालक आपली माणसं परत मागायला लागले. प्राइस तिसऱ्यांदा मोंबासाला आले. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना मोबदला देऊन तोडगा काढला. १ जानेवारी १८८९ला राबाईत १,४००हून अधिक माणसांना मुक्ततेचे कागद वाटले गेले. पैसे कंपनीने मोजले आणि श्रेयही कंपनीलाच मिळालं. पण ही माणसं त्या दिवसापर्यंत जिवंत आणि मोकळी राहिली होती, ती जोन्स आणि त्याच्या मंडळीने त्यांना जवळ केलं म्हणून. तो कागद हातात घेणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असणार.

जोन्स आणि सेमलर यांना पूर्ण पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १८९५ साली. डीकन झाल्यावर तब्बल दहा वर्षांनी! मधल्या काळात इंग्लंडहून आलेले कितीतरी तरुण त्यांच्या डोक्यावर बसवले गेले. ज्या माणसाने बिशपांचा तांडा मरणाच्या मुलखातून परत आणला, त्याच्या योग्यतेबद्दल आणखी कसली खात्री करून घ्यायची होती, हे मला आजही समजत नाही.

फ्रियर टाउनमध्ये लिव्हिंग्स्टनच्या तांड्यातलाही एकजण होता, मॅथ्यू वेलिंग्टन. शरणपूरचाच विद्यार्थी. तो उतारवयापर्यंत मोंबासात राहिला आणि १९३५ साली तिथेच वारला. म्हणजे आपल्याकडे बोलपट सुरू झाले होते तेव्हा नाशकात अक्षरओळख झालेला हा म्हातारा मोंबासाच्या रस्त्यांवरून चालत होता.

पुढच्या पिढ्या किनाऱ्यावरच्या समाजात मिसळल्या. बॉम्बे आफ्रिकन, सोडवलेले गुलाम, राबाई, गिरियामा, सगळ्यांत सोयरीक झाली आणि उपासना स्वाहिलीत चालू राहिली. मोंबासा वाढलं, फ्रियर टाउन शहराचं उपनगर झालं. १९०३ साली तिथेच पाळकांना शिकवणारी शाळा निघाली. ती १९३०मध्ये लिमुरूला गेली आणि आज सेंट पॉल्स युनिव्हर्सिटी म्हणून उभी आहे. केनियातले अँग्लिकन पाळक पिढ्यान्‌पिढ्या तिथे तयार झाले. आता त्यासाठी कुणाला दहा-दहा वर्षं गोऱ्या साहेबाच्या शिफारशीची वाट बघावी लागत नाही.

नमस्कार.