पंप उघडायचा तो शेवटी

(मालवणात होड्यांची देखभाल करणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या मचव्यांवर गोड्या पाण्याचा पंप कधी नव्हता. एक पिंप, वर झाकण, आत डवली. पाणी किती उरलं ते वाकून बघितलं की कळायचं. समोर सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, आणि चहूबाजूंनी खारं पाणी. पण किल्ल्याला विहीर असते, होडीला नसते. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या शिडाच्या यॉट जयगड, विजयदुर्ग, देवगड करत इथे येऊन नांगर टाकतात. त्यांची टाकी फळ्यांखाली दडलेली आणि बेसिनला घरच्यासारखा नळ. नळ उघडला की घुर्र आवाज होतो आणि पाणी येतं. एक दिवस नुसतंच घुर्र होतं, पाणी नाही. किंवा घुर्रही नाही. मग तुम्हाला हाक येते, "पंप गेलाय, जरा बघ."

पंप बहुतेक वेळा गेलेला नसतो. त्याच्या आधी किंवा नंतर काहीतरी गेलेलं असतं. तरी आपला हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो, आणि चांगला चालणारा पंप उघडून आपण एका बिघाडाचे दोन करतो.

पंपाची रचना साधी आहे. 12 वोल्टची मोटर, तिच्यापुढे रबराचा पडदा म्हणजे डायफ्रॅम, पाणी आत घेणारे आणि बाहेर सोडणारे बारके व्हॉल्व्ह, आणि डोक्यावर प्रेशर स्विच. नळ बंद केला की पाइपात दाब चढतो, 40 पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास स्विच मोटरची वीज तोडतो. नळ उघडल्यावर दाब 25 च्या आसपास उतरला की पुन्हा जोडतो. आकडे पंपागणिक बदलतात, त्याच्या लेबलवर बघा. एवढं डोक्यात ठेवून, हातात पाना घेण्याआधी, नळ उघडा आणि ऐका.

काहीच आवाज नाही? मग पाण्याकडे बघूसुद्धा नका, दोष विजेत आहे. आधी फ्यूज. तो चांगला निघाला की सगळे मल्टीमीटर काढतात, पंपाच्या वायरींना लावतात, मीटर 12.4 दाखवतो, आणि निकाल लागतो: वीज आहे, म्हणजे मोटर जळाली. इथे जरा थांबा. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी, किंवा आतून काळी झालेली तार, यातून मीटरपुरती वीज सहज येते. पंपाला मात्र पाच ते आठ अँपिअर लागतात. तेवढा करंट त्या सडक्या जोडातून जाऊ लागला की वोल्टेज तिथेच संपतं. म्हणून मोजायचं ते पंपाच्या टोकांवर, नळ उघडा ठेवून, पंप जोडलेला असताना. बॅटरीवर 12.4 आणि पंपावर 9 दिसले तर मधले 3.4 वोल्ट कुठेतरी अडलेत. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवा आणि दुसरं प्लसच्या वायरीवर पुढे सरकवत जा: फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, बटणाच्या अलीकडे, पलीकडे. आकडा जिथे एकदम उडी घेतो तिथे रोग. काहीच उडी नसेल तर हेच मायनसच्या वायरीवर करा. मायनसला कोणी विचारतच नाही, आणि बिल्जच्या, म्हणजे होडीच्या तळात पाणी साचतं त्या जागेच्या, ओलीत पडलेला जोड बऱ्याचदा तिचाच असतो.

मीटर नसला तरी अडत नाही. मोटारीच्या ब्रेक लाइटचा 21 वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन वायरी काढा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे सडका जोड त्याला फसवू शकत नाही. लख्ख पेटला तर ठीक, पिवळा पडला तर वायरिंग बघा. मला विचाराल तर स्वस्त मीटरपेक्षा हा बल्ब जास्त खरं बोलतो.

वायरीची जाडीही बघा. बॅटरीपासून पंप पाच मीटरवर असेल तर वीज जाऊन-येऊन दहा मीटर चालते. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत सात अँपिअरला तिथेच जवळपास एक वोल्ट जातो. घरातल्या फिटिंगला 230 वोल्टांत एक वोल्ट गेलेला कळत नाही, इथे बारातला एक जातो. बदलायचीच असेल तर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची वायर टाका. साधं तांबं आपल्या हवेत इन्सुलेशनच्या आतून काळं पडत जातं.

पंपापर्यंत पूर्ण वोल्टेज पोचतं आणि तरी तो गप्प, तर प्रेशर स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना क्षणभर टेकवा. मोटर फिरली तर स्विच गेलाय. तरीही नाही फिरली, तर मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बन झिजलेत का बघा. मोटर खरोखर संपलेली असते ती यानंतर.

आता दुसरा आवाज. मोटर जोरात चालते, थांबत नाही, नळातून पाणी नाही किंवा फुसफुस करत येतं. टाकी रिकामी असेल हे आधी बघा, हसू नका. टाकीत पाणी असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतोय. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतली गळती डोळ्याला दिसत नाही, कारण तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. फडकं फिरवून कोरडं आहे म्हणाल आणि फसाल. सगळ्यात पहिला संशय पंपाआधीच्या गाळणीच्या झाकणावर. साफ करून परत बसवताना त्याची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, वळते, नाहीतर झाकण तिरकं बसतं. मग क्लिपा. आणि मे महिन्याच्या उकाड्यात साधी मऊ नळी ओढीने चपटी होते, तिथे तारेची गुंडाळी असलेली नळीच हवी.

खात्री करायला पंपात पाणी आत घेणारी नळी काढा, तिथे हातभर तुकडा लावा आणि बादलीत सोडा. नळ उघडा. पाणी आलं तर पंप निर्दोष आहे, दोष बादलीच्या पलीकडे, म्हणजे टाकीकडच्या नळीत. पाच मिनिटांचं काम, आणि पंपाच्या किमतीचे पैसे वाचतात.

याच आवाजाचा एक खोडकर भाऊ आहे. सुरुवातीला पाणी झकास येतं, मग बारीक होत जातं, पंप कण्हायला लागतो. टाकीचं भरायचं झाकण उघडा. 'सुस्स' आवाज होऊन हवा आत गेली आणि पाणी पूर्ववत झालं, तर टाकीची हवेची नळी बुजली आहे. गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल जसं गचके खात येतं, तसंच हे. आपल्याकडे हा प्रकार पावसाळ्यानंतर होतो. होड्या जूनमध्ये वर ओढतात, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात जातात. मधल्या काळात कुंभारीण माशी त्या नळीच्या तोंडात मातीचं घर करते. नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. तारेने खुपसून माती आत टाकीत ढकलू नका, बाहेर ओढा.

तिसरा आवाज रात्रीचा. सगळे नळ बंद, सगळे झोपलेले, आणि पंप मध्येच 'टर्र' करून गप्प होतो. थोड्या वेळाने पुन्हा. म्हणजे दाब कुठेतरी उतरतोय. एकतर पंपापुढच्या लाइनीत गळती आहे, नाहीतर पंपाचे व्हॉल्व्ह पाणी मागे टाकीत सोडताहेत. पंपाच्या पुढे कॉक असेल तर तो बंद करा. टर्र थांबली तर गळती पुढे, चालूच राहिली तर व्हॉल्व्ह. पुढची गळती शोधताना प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, कॉकपिटमधला हातशॉवर आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह विसरू नका. या टर्रकडे दुर्लक्ष करू नये. गुपचूप गळणारा एक जोड टाकीभर गोडं पाणी बिल्जमध्ये नेतो, आणि वर बिल्ज पंप ते समुद्रात फेकून देतो. बिल्जमधलं पाणी गोडं की खारं ते ठरवायला चव घेऊ नका, त्यात डिझेल असतं. अंघोळीचा साबण चोळा. गोड्या पाण्यात फेस येतो, खाऱ्यात येत नाही.

आणि हो, नळ किंचित उघडा असताना पंप टरटरला तर तो बिघाड नव्हे. दाब सांभाळणारी छोटी टाकी लाइनीत बसवली की थांबतं.

आता कुठे पंप उघडायचा. व्हॉल्व्ह पाणी मागे सोडत असतील तर बहुतेक वेळा त्यात कण अडकलेला असतो. धक्क्यावरच्या विहिरीचं पाणी पहिल्या पावसात जांभ्याची लाल माती घेऊन येतं. ते फडक्यातून गाळल्याशिवाय टाकीत घालू नका. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, व्हॉल्व्ह धुवा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. पंप आणि मोटर यांच्या सांध्यातून थेंब पडत असेल तर डायफ्रॅम फाटलाय, त्याचा किट मिळतो.

मघाशी कोणीतरी विचारलं, एवढ्या कटकटीपेक्षा घरचा अर्धा एचपीचा पंप इन्व्हर्टरवर का चालवू नये? बॅटरीतून पन्नासेक अँपिअर ओढेल, चालू होताना त्याच्या कितीतरी पट, आणि 230 वोल्ट ओल्या बिल्जशेजारी येतील. त्यापेक्षा बेसिनखाली पायाने दाबायचा पंप बसवा. त्याला ना फ्यूज, ना स्विच. आणि पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन वेगळे भरून ठेवा, टाकीच्या भरवशावर राहू नका. होडी सोडून जाताना पंपाचं बटण बंद करून जा.