बेसूर नटाचं गाणं

सॅम लेव्हीन नट म्हणून पक्का. विनोदाचं टायमिंग असं, की नुसता वळून बघितला तरी हशा. पण सुराशी त्याचं उभं वैर. आणि १९५० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर येऊ घातलेल्या संगीत नाटकात त्याला घेतलं, तेही मोठ्या भूमिकेत.

संगीतकार होता फ्रँक लेसर. त्याने लेव्हीनसाठी 'स्यू मी' हे गाणं रचलं. 'कर माझ्यावर खटला, अजून काय करशील?' असं चिडलेल्या प्रेयसीला म्हणणारं. चाल एका सप्तकात बसणारी, फार धावपळ नाही. तरी मुखड्याचा पहिला सूर लेव्हीनला सापडेना. मग लेसरने मुखड्याआधी चार शब्द जोडले. 'कॉल अ लॉयर अँड...' वकील बोलाव आणि... या शब्दांना धरून लेव्हीन बरोबर सुरावर पोचायचा.

आपल्याकडे नाट्यपद म्हटलं की तयारीचा गळा आला, वन्समोअर आले. इथे पद गळ्याच्या मापाने बेतलं होतं.

नाटक होतं 'गाईज अँड डॉल्स'. २४ नोव्हेंबर १९५० रोजी न्यूयॉर्कच्या फॉर्टीसिक्स्थ स्ट्रीट थिएटरमध्ये ते उघडलं. लेखक डेमन रन्यनच्या कथांमधली ही टाइम्स स्क्वेअरच्या आसपासची मंडळी: रेसवर पैसे लावणारे, फाशांचा फिरता अड्डा चालवणारे, आणि त्यांना सुधारायला निघालेली मिशनवाली तरुणी. गंमत म्हणजे हे जुगारी बोलतात मात्र शाळामास्तरासारखं, एकेक शब्द सुटा सुटा करून.

पहिली संहिता जमली नव्हती. नवा लेखक एब बरोज आला तेव्हा लेसरची बरीचशी गाणी तयार होती. बरोजने प्रसंग लिहिले ते त्या गाण्यांना धरून. घर नंतर, खिडक्या आधी! पण बघताना सांधा कुठे दिसत नाही.

कारण लेसर मुळातला गीतकार. वडील पियानो शिकवायचे, सावत्र भाऊ आर्थर नावाजलेला पियानोवादक, घरात पाश्चात्त्य अभिजात संगीताचा दरारा. हा मात्र लोकप्रिय गाण्यांकडे वळला. हॉलिवूडमध्ये बरीच वर्षं इतरांच्या चालींवर शब्द लिहिले. १९४२मध्ये, युद्धाच्या दिवसांत, स्वतःच चाल लावलेलं त्याचं एक गाणं गाजलं. मग चालही त्याचीच, शब्दही त्याचेच.

१९४८चं त्याचं 'व्हेअर्स चार्ली?' हे ब्रॉडवेवरचं नाटक 'चार्लीज आन्ट'वरून घेतलेलं. अत्र्यांनी जिला 'मोरूची मावशी' केलं, तीच ही आत्या!

पण या माणसाचं खरं कसब बघायचं तर 'गाईज अँड डॉल्स'मधली ॲडलेड बघा. नाइट क्लबात गाणारी, चौदा वर्षं साखरपुड्यातच अडकलेली. तिचा नेथन, म्हणजे आपला लेव्हीन, लग्नाचं नाव काढत नाही. एकदा ती एकटीच बसून वैद्यकाचं जाडजूड पुस्तक वाचते. त्यात लिहिलंय, की लग्न लांबलेल्या बाईला मनाच्या ताणाने सर्दी होऊ शकते. पुस्तकातली जडबंबाळ भाषा वाचता वाचता ती स्वतःच्या बोलीत तिचा अर्थ लावते, मधेच शिंकते. प्रेक्षक हसतात, आणि पोटात कुठेतरी कालवतंही. व्हिव्हियन ब्लेनने ही भूमिका केली.

नाटकाचे बाराशे प्रयोग झाले. टोनी पुरस्कार मिळाले. पुलित्झरही ठरल्यात जमा होतं, पण एब बरोजवर कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय होता. म्हणून त्या वर्षी नाटकाचा पुलित्झर कुणालाच दिला नाही. लेसर आणि बरोजला तो मिळाला १९६२ साली, वेगळ्याच नाटकासाठी.

१९५५मध्ये सिनेमा आला. नेथन झाला प्रसिद्ध गायक फ्रँक सिनात्रा. त्याच्या गळ्याबद्दल कोण काय बोलणार? लेसरने त्याच्यासाठी एक नवं गाणंही लिहिलं. पण सिनात्राचा नेथन लेसरला रुचला नाही. हा जुगारी त्याच्या मते इतका गोड गाणाराच नव्हता.

मूळ संचाची डेका कंपनीची ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळते. 'स्यू मी' लावा. एका बाजूने ॲडलेडचा तोंडाचा पट्टा सुरू आहे. ती दम घ्यायला थांबते, आणि लेव्हीन हळूच सुराकडे निघतो... 'कॉल अ लॉयर अँड...'