अॅलन पेज : बचावफळीतून न्यायासनाकडे

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकने, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेल्या खेळाडूने, चेंडू फेकण्याआधीच त्याला खेळी जिथून सुरू होते त्या रेषेमागे गाठून खाली पाडले, की त्या कामगिरीला सॅक म्हणतात. बचावफळीतल्या खेळाडूची योग्यता आज बरीचशी या सॅकच्या आकड्यावरून जोखली जाते. मात्र ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे, त्या अॅलन पेज यांच्या नावापुढे लीगच्या अधिकृत नोंदींत हा आकडाच नाही. नॅशनल फुटबॉल लीगने सॅक मोजायला १९८२ साली सुरुवात केली आणि पेज त्याच्या आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. जुन्या सामन्यांच्या नोंदी तपासून अभ्यासकांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा तो १४८.५ भरला. हा अर्धा सॅक दोघांनी मिळून केलेल्या कामाचा असतो.

पेज ज्या जागेवर खेळत, तिला डिफेन्सिव्ह टॅकल म्हणतात. हा खेळाडू एक हात जमिनीला टेकवून, कंबर वर आणि मान ताठ ठेवून वाकलेला असतो आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर त्याच्याहून वजनदार असा प्रतिस्पर्धी त्याला अडवायला सज्ज असतो. चेंडू हलला, की पुढच्या दोन-तीन सेकंदांत सगळे ठरते. खो मिळताच बसलेला गडी जसा उसळून पाटीवरून सुटतो, तसे पेज पहिल्याच पावलात सुटत, आणि समोरचा माणूस सरळ उभा राहण्याआधी ते त्याच्या खांद्याशेजारून निघून गेलेले असत. ताकदीची म्हणून ओळखली जाणारी ही जागा त्यांनी चपळाईची करून दाखवली, हे मला त्यांचे खेळातले सर्वांत मोठे काम वाटते.

त्यांचा जन्म १९४५ सालचा, ओहायो राज्यातल्या कॅन्टन गावचा. शालेय शिक्षण तिथेच घेऊन ते नोत्र दाम विद्यापीठात गेले. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांच्या हाताखाली तिथल्या संघाने १९६६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी राज्यशास्त्राची पदवी हाती आली आणि मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्यांना पहिल्याच फेरीत निवडले. तिथे कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज या चौघांच्या फळीने जांभळ्या गणवेशात असा दरारा निर्माण केला, की 'पर्पल पीपल ईटर्स' हे नाव तिला कायमचे चिकटले. १९७१ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पेज यांना लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. बचाव करणाऱ्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळत होता, आणि त्यानंतर आजवर तो अशा आणखी एकाच खेळाडूला, १९८६ मध्ये लॉरेन्स टेलर यांना, मिळाला आहे. वायकिंग्ज चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम लढतीपर्यंत, पोहोचले आणि चारही वेळा हरले.

खेळ ऐन भरात असताना पेज यांनी कायद्याच्या अभ्यासाला हात घातला. पहिला प्रयत्न काही आठवड्यांतच सोडून द्यावा लागला, पण त्यांनी तो नाद सोडला नाही. मिनेसोटा विद्यापीठातून १९७८ मध्ये, म्हणजे खेळाडू असतानाच, त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. याच काळात ते लांब पल्ल्याचे धावू लागले आणि त्यांचे वजन उतरत गेले. संघाला हे रुचले नाही. त्याच वर्षी हंगाम चालू असतानाच वायकिंग्जनी त्यांना मोकळे केले आणि शिकागो बेअर्सनी अवघ्या १०० डॉलरच्या शुल्कावर त्यांना आपल्याकडे घेतले. शिकागोत ते १९८१ पर्यंत खेळले. १५ हंगामांत सलग २१८ सामने खेळलेल्या या माणसाने १९७९ मध्ये मॅरेथॉनही पूर्ण केली. लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिलेच.

पुढे वकिली झाली, राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयातली नोकरी झाली. मिनेसोटात न्यायाधीश मतदारांनी निवडून द्यायचे असतात. १९९२ मध्ये पेज यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उमेदवारीची तयारी केली, तेव्हा राज्यपालांनी त्या जागेवरच्या न्यायमूर्तींची मुदत वाढवली आणि निवडणूकच टळण्याची चिन्हे दिसू लागली. पेज कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाशीच संबंधित असल्यामुळे ते निवृत्त न्यायाधीशांच्या पीठापुढे चालले आणि निकाल पेज यांच्या बाजूने लागला. निवडणूक झाली, ते जिंकले आणि त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती ठरले. त्यानंतर तीनदा निवडून येऊन, सत्तरीची वयोमर्यादा गाठल्यावर २०१५ मध्ये ते निवृत्त झाले. मतदान व्हायलाच हवे, एवढ्यासाठी स्वतः वादी होऊन उभे राहणाऱ्या या माणसाचा मला मनापासून आदर वाटतो.

तरीही त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी १९८८ सालची सांगेन. कॅन्टनमध्ये व्यावसायिक फुटबॉलचे हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा गौरव करणारे दालन, आहे. ते बांधले जात असताना शाळकरी पेज यांनी तिथे काम केले होते. त्या वर्षी त्यांचाच तिथे समावेश झाला. या सोहळ्यात खेळाडूची ओळख करून द्यायला सहसा जुने प्रशिक्षक किंवा सहकारी येतात. पेज यांनी मिनियापोलिसमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांना बोलावले, आणि आपल्या भाषणात खेळातल्या पराक्रमांऐवजी शिक्षणाविषयी सांगितले. व्यावसायिक संघात डावपेचांची एक जाड वही असते आणि ती प्रत्येक खेळाडूला पाठ असावी लागते. संघाच्या एका बैठकीत ती मोठ्याने वाचायची वेळ आली, तेव्हा महाविद्यालयात वर्षानुवर्षे काढून आलेल्या आपल्या काही सहकाऱ्यांना ती वाचता येत नाही, हे पेज यांच्या लक्षात आले होते. मैदानावर जिंकून देतो तोवर शाळेने मुलाला वरच्या वर्गात ढकलत राहायचे, या प्रथेचा तो परिणाम होता.

त्याच वर्षी त्यांनी पत्नी डायान यांच्यासह पेज एज्युकेशन फाउंडेशन स्थापन केले. मिनेसोटातल्या कृष्णवर्णीय आणि अन्य अल्पसंख्य समाजांतल्या विद्यार्थ्यांना ते महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते, आणि ती घेणाऱ्या प्रत्येकाला वर्षाला किमान ५० तास आठवीपर्यंतच्या मुलांना शिकवण्यासाठी द्यावे लागतात.