मीठ, गूळ आणि अर्धा शेर पाणी

मंडळी, जगात ८० कोटींच्या आसपास माणसं दिवसाला तीन डॉलरच्याही आत भागवतात, असं जागतिक बँकेचं मोजमाप आहे. एवढा आकडा ऐकल्यावर ‘मी एकट्यानं काय करणार?’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ८० कोटींची गरिबी एका जागी कुठेच नसते. ती घराघरांत असते आणि प्रत्येक घराची नड वेगळी असते. त्यातल्या एका नडीबद्दल बोलतो. तान्ह्या पोराला जुलाब लागलेत, रात्र झालीय, दवाखाना लांब आहे.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावला होते. तिथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरली. रुग्ण जमिनीवर पडलेले, सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळलं आणि ते नातेवाइकांच्या हाती देऊन सांगितलं, पाजत राहा. पाण्यात मिठासोबत साखर असली की पटकीतही आतडं ते पाणी शोषून घेतं, हे शास्त्र तोवर माहीत झालं होतं. पण नर्स नसताना, छावणीतल्या गर्दीत, आयाबापांच्या हातून ते जमेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं.

पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक संस्थेनं १९८० पासून बांगलादेशात दारोदार जाऊन आयांना हे शिकवायला घेतलं. तीन बोटांच्या चिमटीत येईल इतकं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी. शिकवणाऱ्या बायका खेड्यापाड्यांतल्याच होत्या. त्या घरी येऊन सांगायच्या, मग आईच्या हातानं तिच्याच भांड्यात ते करून घ्यायच्या. पगाराची रीत तर मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. महिनाभरानं दुसरंच कुणीतरी काही घरी जायचं आणि आईला काय आठवतंय, पाणी नीट करता येतंय का, हे पाहायचं. त्यावर शिकवणारीचे पैसे ठरत. किती घरं फिरली, याला महत्त्व नव्हतं.

तरीही पहिल्या पाहणीत दिसलं की आयांना कृती तोंडपाठ आहे, पण पोराला जुलाब झाल्यावर फारच थोड्या घरांत ते पाणी पाजलं जातंय. अशा वेळी लोकांना अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं असतं. ब्रॅकनं तसं केलं नाही, कारण शोधलं. शिकवणाऱ्या बायकांचाच त्या पाण्यावर भरवसा नव्हता! त्यांना पटकीच्या इस्पितळात नेऊन मरणाच्या दारातले रुग्ण कसे उठून बसतात ते दाखवलं. घरातल्या पुरुषांना तर कुणी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून बाजारात, मशिदीत सभा घेतल्या. दहा वर्षांत १ कोटी २० लाखांच्या आसपास घरं झाली. घरं मोजणं त्यामानानं सोपं, पण मधेच थांबून आपलीच पद्धत बदलणं फार कठीण असतं, आणि म्हणून त्या कामापुढे मला नतमस्तक व्हावंसं वाटतं.

१९८० च्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांखालची पन्नास लाखांच्या जवळपास बालकं अतिसारानं जात. आता हा आकडा पाच लाखांच्या आत आहे. स्वच्छ पाणी, लसी, पोषण या सगळ्यांचा त्यात वाटा आहे, पण मीठ-साखरेच्या पाण्याचा वाटा फार मोठा आहे.

आणि काम संपलेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशात जुलाब झालेल्या बालकांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच जलसंजीवनी (ओआरएस), म्हणजे पुडीतून मिळणारं हेच मीठ-साखरेचं मिश्रण, मिळाल्याचं दिसलं. म्हणजे दहातली चार मुलं तिच्यावाचून राहिली. पुडी स्वस्त आहे, आशाताईच्या पिशवीत ती असायला हवी. ती आहे का, हे आपल्या गावात विचारता येतं. पुष्कळ घरांत एका लिटरची पुडी पेलाभर पाण्यात थोडी थोडी टाकतात. तसं केल्यानं मिठाचं प्रमाण बिघडतं. अख्खी पुडी अख्ख्या लिटरात पडली पाहिजे आणि जोडीला झिंकच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस.

इथे डॉक्टर बसलेत, औषध दुकानदार बसलेत, शिक्षक आहेत. माझी विनंती एवढीच, की पुडी नुसती हातात ठेवू नका. त्या आईकडून समोर एकदा पाणी करून घ्या आणि महिन्याभरानं तिला पुन्हा विचारा.